अण्णांच्या औषधाचा नकाशा

सरासरी या प्रकाराशी माझं कधीच पटलं नाही. दहा माणसांत नऊ पोटभर जेवली आणि एक उपाशी राहिलं, तरी सरासरीने सगळी तृप्तच. माझे सासरे आयुष्यभर सरासरी काढत आले, आणि माझी नोकरी ते दहावं माणूस शोधून काढायची. आम्ही एकाच प्रयोगशाळेत काम करायचो आणि एकाच घरात राहायचो, त्यामुळे भांडायला वेगळी जागा शोधावी लागली नाही.

सासऱ्यांना घरात आणि बाहेर सगळे अण्णाच म्हणायचे. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण संस्थेने त्यांचं टेबल आणि खिडकीजवळचं कपाट काढून घेतलं नव्हतं, आणि ते रोज सकाळी माझ्याबरोबर निघायचे. ध्यास एकच: पोलादी नळांना आतून गंज चढू नये म्हणून पाण्यात मिसळायचं द्रव्य. अहवालात त्याला गंजरोधक म्हणायचं, एरवी सगळे 'अण्णांचं औषध' म्हणायचे. त्यासाठी त्यांनी साली, पानं, बिया, काय काय उकळून पाहिलं होतं. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे फळ आणलं की गर आम्हाला आणि साल विज्ञानाला." शेवटी जे जमलं ते कुठल्याच सालीतून आलं नाही. दोन साधे क्षार आणि एक आम्ल, एवढंच. पण त्यांचं नेमकं प्रमाण सापडायला तीस वर्षं गेली.

हे औषध पाण्यातून जाऊन पोलादावर बसतं आणि पापुद्रा धरतं. डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. अण्णांची तपासायची पद्धत जुनी आणि चोख होती. तळहाताएवढी पोलादाची पट्टी मोठ्या काचेच्या भांड्यात बुडवायची, तिच्यातून एकूण किती करंट जातो ते मोजायचं, औषध नसताना किती आणि असताना किती यावरून गंज किती टक्के थांबला याचा हिशोब मांडायचा. उत्तर नेहमी शंभर टक्क्यांच्या आसपास यायचं. अण्णा ते उत्तर पेन्सिलीने लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे.

माझं यंत्र वेगळं. केसाहून बारीक प्लॅटिनमची तार काचेत बंद केलेली, फक्त तिचं टोक उघडं. वाटीएवढ्या भांड्यात पाणी, तळाला नखाएवढा पोलादाचा तुकडा, आणि हे टोक त्याला न शिवता, त्याच्या अगदी जवळून, इस्त्री फिरवावी तसं ओळीओळीने फिरतं. जिथे लोखंड विरघळून पाण्यात उतरत असेल तिथे टोकाला ते लागतं आणि करंट वाढतो. संगणकावर नकाशा उमटतो. शांत जागा निळी, कुरतडली जाणारी जागा लाल. एका तुकड्याला अख्खी दुपार लागते, म्हणून संस्थेत हे यंत्र कुणालाच नको होतं. मला त्याचा सावकाशपणा आवडायचा.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने गरम पाण्याचे सगळे नळ बदलले, आणि त्यांच्या इंजिनियरने अण्णांचं औषध नव्या नळांत घालायचं ठरवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा ते काचेच्या भांड्याबाहेर पडणार होतं. अट एवढीच, की पापुद्रा सूक्ष्म पातळीवर तपासून अहवाल द्यायचा. म्हणजे माझ्या यंत्रावर. मी संचालकांकडे गेले. त्यांना आम्ही मागून 'घड्याळ' म्हणायचो, कारण समोर कुणीही असो, ते बोलायचे आपल्या मनगटाशीच. मी म्हटलं, "हे काम मला देऊ नका. सासऱ्यांचं औषध आणि सुनेची तपासणी, लोक काय म्हणतील?"

"दुसऱ्या कुणाला येतं का ते यंत्र?"

"नाही."

"मग?" घड्याळाने मनगटाला विचारलं.

सुना सासऱ्यांना पाण्यात पाहतात म्हणतात. मी तर पगार घेऊन पाहणार होते.

हॉस्पिटलच्या इंजिनियरने आपल्या नळाचं पाणी आधीच पाठवलं होतं. त्यात ठरलेल्या प्रमाणात औषध घातलं, वाटी भरली, टोक खाली आणलं. संध्याकाळपर्यंत नकाशा पुरा झाला. जवळजवळ सगळा निळा, इतका सुंदर निळा की मीही क्षणभर खूश झाले. पण डाव्या अंगाला एक लाल ठिपका होता, आणि वरच्या कोपऱ्यात दुसरा. दुसऱ्या दिवशी नवा तुकडा घेतला. पुन्हा ठिपके, फक्त जागा वेगळ्या.

ठिपका बारीक आहे म्हणून सोडून देता येत नाही, उलट तो बारीक आहे हेच वाईट. औषध मुळीच नसतं तर गंज सगळीकडे थोडा थोडा चढला असता आणि नळ वर्षानुवर्षं कसाबसा टिकला असता. औषधाने बाकी सगळी जागा झाकली आणि एक टिंब उघडं ठेवलं, की सगळ्या घराचा राग एकाच माणसावर निघावा तसं होतं. त्या टिंबातून नळाला आरपार भोक पडतं. अण्णांच्या मोठ्या भांड्यात मात्र हिशोब पुन्हा शंभराच्या आसपासच येणार.

घरी मी हे जेवताना सांगितलं. रस्त्यात सांगायला हवं होतं, पण रस्त्यात अण्णा औषधाला नाव काय द्यावं याचा विचार करत होते. ऐकल्यावर त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"टोक घासलं असेल. पापुद्रा खरवडला असशील."

"टोक शिवत नाही अण्णा. शिवलं तर कळतं."

"तुला कळतं."

सासूबाईंनी नवऱ्याला सोडून लेकाकडे तोंड केलं. "काही माणसांना चंद्र दाखवला तरी डागच दिसतात, नाही रे?" लेकी बोले सुने लागे ही म्हण बहुतेक आमच्याच टेबलावर तयार झाली असावी, फक्त आमच्याकडे लेक नसल्यामुळे ते काम माझा नवरा करायचा. तो म्हणाला, "आई, वाढ ना जरा." त्याचे दातही आपले आणि ओठही आपले, बिचारा कुणाला चावणार?

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या खोलीत आले. एरवी ते इकडे फिरकायचे नाहीत. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांना मधोमध दिसायचं बंद झालं होतं, फक्त कडेकडेचं दिसायचं. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर ते मान वळवून पलीकडच्या भिंतीकडे बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा तोऱ्यात आहे. संगणकावरचं तर त्यांना काहीच दिसत नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि खिडकीकडे तोंड करून मला विचारू लागले.

"वाटीत काय काय बुडवतेस?"

"तुकडा. टोक. आणि रेफरन्स." रेफरन्स म्हणजे एक छोटी काचनळी, जिच्याशी तुलना करून बाकीचं सगळं मोजतात. तिच्याशिवाय आमचा कुठलाच आकडा उभा राहत नाही.

"रेफरन्सच्या आत काय भरलंय?"

"तुमच्यात असतं तेच. मिठाचं घट्ट पाणी."

"माझं भांडं केवढं, तुझी वाटी केवढी?"

मी वाटीकडे पाहिलं. रेफरन्सच्या तळाला सच्छिद्र काचेचं बूच असतं. त्यातून मिठाचं पाणी किंचित झिरपतं, ते सगळ्यांनाच माहीत असतं. बादलीएवढ्या भांड्यात ते कुणाच्या खिजगणतीत नसतं. पण वाटीत? आणि मीठ हा तर असल्या पापुद्र्यांचा जन्माचा वैरी. मी वाटीतलं पाणी थोडं परीक्षानळीत घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. झालं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"दूध."

त्यांनी नुसती मान हलवली. हसले असते तर बरं वाटलं असतं. इतकी वर्षं हे यंत्र चालवून मी मोजायला बसले आणि मोजायच्या वस्तूत स्वतःच्या हाताने विष कालवलं. दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला महिनाभर चिडवलं असतं.

मी रेफरन्स आणि वाटीच्या मधे जेलीची नळी घातली, म्हणजे मीठ अलीकडेच राहतं, वाटीत उतरत नाही. पुन्हा नकाशे काढले. कडेपासून कडेपर्यंत निळे, एकही ठिपका नाही. मी अण्णांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, "चूक माझी होती. औषध चांगलं आहे." ते म्हणाले, "बूच तडकलं असेल गं. बदलून घे." त्या संध्याकाळी सासूबाईंनी घरी आलेल्या प्रत्येकाला ती हकिगत तिखटमीठ लावून सांगितली, आणि मीठ तर त्यात आधीच होतं. मी ऐकून घेतलं. अण्णा त्या आठवड्यात वेगळेच दिसत होते. नव्या नळांचा बॉयलर कुठे आहे, औषधाचा पंप कुठे बसेल, पहिली बाटली कोण ओतेल, हेच चाललं होतं. एकदा त्यांनी आरशासमोर मान तिरकी करून कोट घालून पाहिला.

अहवाल मी लिहिला. गुरुवारी सकाळी तो हॉस्पिटलकडे जायचा होता.

बुधवारी सासूबाईंना गुडघा दाखवायला त्याच हॉस्पिटलात जायचं होतं. अण्णा सोबत गेले. त्या आत डॉक्टरकडे गेल्या तेव्हा अण्णा उठले आणि विचारत विचारत तळमजल्यावर बॉयलर बघायला गेले. बघायला म्हणजे काय, त्यांना आवाज ऐकायचा असेल. दाराशीच ते कशाला तरी अडखळले आणि पडता पडता वाचले.

प्रयोगशाळेत आले तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि मी एकटीच होते. कोटाच्या खिशातून त्यांनी सासूबाईंच्या औषधाची जुनी बाटली काढली, पाण्याने भरलेली.

"यात थेंब टाक."

"कुठलं पाणी आहे?"

"टाक आधी."

मी थेंब टाकला. परीक्षानळीत दूध झालं. माझ्या तडकलेल्या बुचाने वाटीत केलं होतं तेवढंच, कदाचित थोडं जास्त.

"दूध," मी म्हटलं.

"हं." ते स्टुलावर बसले. "पोती होती दाराशी. मी बॉयलरवाल्याला विचारलं, कसली रे ही? तो म्हणाला, मिठाची. पाणी मऊ करायचं नवीन यंत्र बसवलंय, त्याला लागतं. ते यंत्र मिठाने धुतात, आणि धुतलेलं थोडं नळात येतंच. हे त्याच नळाचं. आपल्याकडे आलं ते पाणी त्याच्या आधीचं होतं. इंजिनियरचा दोष नाही, त्याने आधीच पाठवलं होतं."

मी परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली.

"यात औषध मिसळून वाटीत घाल," अण्णा म्हणाले. "जेलीची नळी लावून घाल. म्हणजे दोष तुझ्यावर नको, माझ्यावरही नको."

"अहवाल उद्या जाणार आहे, अण्णा."

"म्हणून तर आज घाल."

टोक फिरायला लागलं. अण्णा स्टुलावरून हलले नाहीत. घरी फोन करून त्यांनी मुलाला सांगितलं की सासूबाईंना हॉस्पिटलातून तूच आण. नकाशा खालून वर, ओळीओळीने उमटत होता, आणि प्रत्येक ओळ पुरी झाल्याचा बारीक आवाज आला की ते विचारायचे, "निळं?"

"निळं."

"निळं?"

"निळंच आहे."

बराच वेळ असंच चाललं. मला वाटायला लागलं, पापुद्रा टिकेल, म्हातारा जिंकेल. आणि मला ते हवं होतं, हेही मला तिथेच कळलं. इतके दिवस मी ठिपके शोधत होते, आता ठिपका येऊ नये म्हणून पडद्याकडे डोळे लावून बसले होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं शिक्षण अर्धवट होतं. ते पुरं कर म्हणून मागे लागणारा माणूस हाच. नवऱ्याने नव्हतं सांगितलं, सासूबाईंनी तर नाहीच.

मग मधोमध एक ओळ पिवळी पडली. पुढची केशरी. त्याच्या पुढची लाल.

"निळं?" अण्णांनी विचारलं.

त्यांना दिसत नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाटलीतलं पाणी मोरीत ओतलं असतं तर ते कुठून आलं होतं हे कुणी विचारलं नसतं. नळाला भोक पडायला बरीच वर्षं लागतात, आणि अण्णांचं वय झालं होतं. 'निळं' म्हणायला फक्त दोन अक्षरं लागतात.

"ओळ पुरी होऊ दे," मी म्हटलं.

ती पुरी झाली. आवाजही आला. मी तरी गप्प होते.

"किती मोठा आहे?" अण्णांनी विचारलं.

"टाचणीच्या टोकाएवढा."

"आणि त्याच्या बाजूला?"

"बाजूला गडद निळं. कुठेच काही नाही."

"म्हणजे सगळं त्याच्यावरच निघतंय." त्यांनी चष्मा काढून पुसला, का ते देव जाणे. "पुरा होऊ दे नकाशा. अर्धवट नको."

नकाशा पुरा होईपर्यंत आणखी दोन ठिपके आले. मी घड्याळाला बोलावलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "डोस वाढवू या. जास्त घातलं तर झाकेल ना?"

"आज झाकेल," अण्णा म्हणाले. "पण ते रोज थोडं थोडं संपत जाणार. एखाद्या आठवड्यात कुणी घालायचं विसरलं की न घातल्यापेक्षा वाईट."

"तसं बघायला गेलं तर तुमचा अहवाल त्यांनी पाठवलेल्या पाण्यावर आहे. त्या पाण्यात तो खरा आहे. पुढे त्यांनी यंत्र बसवलं, आपण काय करणार?" घड्याळ वाईट माणूस नव्हता. त्यालाही अण्णांसाठी वाट काढायची होती.

"नळात आपण तपासलेलं पाणी जाणार नाहीये," अण्णा म्हणाले. "येईल तेच जाईल. वर वॉर्ड आहेत, साहेब." मग भिंतीकडे बघून, म्हणजे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नवा अहवाल लिही. नकाशा पहिल्या पानावर घाल. मागे दडवू नकोस."

मी लिहिला. शेवटचं वाक्य तीनदा लिहून खोडलं आणि शेवटी सरळच ठेवलं: या पाण्यासाठी हे गंजरोधक वापरू नये. अण्णांनी मला वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं, आणि "ठीक आहे" म्हणाले. घरी जाताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला रडू येत होतं आणि चार लोकांसमोर रडण्याची मला मनस्वी चीड आहे.

दारातच सासूबाईंनी विचारलं, "काय झालं? उद्या जातोय ना कागद?"

"जातोय," अण्णा म्हणाले. "पण औषध नाही चालणार. सूनबाईंनी पकडलं."

"मी नाही पकडलं," मी म्हटलं. "पाणी यांनी आणलं. मला तर माहीतही नव्हतं."

"ठिपका कुणी पाहिला? मी?"

"बाटली खिशात कुणी घातली?"

सासूबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. गुडघा धरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना टोमणा सुचला नाही. त्या म्हणाल्या, "आत या आधी दोघं," आणि स्वयंपाकघरात गेल्या. नवऱ्याने माझ्या हातातली पिशवी घेतली.

अण्णा जेवले. रोजच्याएवढंच जेवले. मी त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते, कोट अजून अंगातच. मी पाणी ठेवलं. कोट काढायला त्यांना मदत करावी का, या विचारात उभी राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्या मी काय करू गं?"

ते खरोखर विचारत होते. एखाद्याने पत्ता विचारावा तसं. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान एकदा तरी मीठ, हॉस्पिटल, नशीब यांतल्या कशाला तरी शिव्या देतील. तीस वर्षं रोज सकाळी या माणसाला काय करायचं हे पाठ होतं.

"उद्या रविवार आहे, अण्णा," मी म्हटलं. "उद्या काही नसतं."

तो बुधवार होता. हॉस्पिटलात गुडघे फक्त बुधवारी बघतात, आणि सासूबाईंना घेऊन तेच तर गेले होते.

"असं होय," अण्णा म्हणाले. "मग ठीक आहे." आणि त्यांनी कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली.